नदीला परत केलेले पाणी



जांबोटीहून पश्चिमेस १६ किलोमीटरांवर कणकुंबी हे गाव आहे. तेथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, ही गोष्ट खानापूर तालुक्यातील शाळकरी मुलांना तोंडपाठ असते. सुमारे ७९२ मीटर उंचीवर निघालेली ही नदी समुद्र इतका जवळ असूनही त्याकडे पाठ फिरविते, पूर्वेची वाट धरते, आणि ३०४ किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. त्याच डोंगरांच्या कुशीतून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे वळते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. पाऊस एकच, दिशा दोन, आणि तंटा तीन राज्यांचा! म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवावयाचे की नाही, ह्या वादासाठी २०१० साली लवाद नेमण्यात आला. त्याने २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात निवाडा दिला. कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरा नाल्यातून २.१८ अब्ज घनफूट पाणी मलप्रभेच्या खोऱ्यासाठी घ्यावे, असे त्यात दशांश चिन्हापर्यंत मोजून सांगितले आहे. तरीही वाद मिटलेला नाही.

नदीतून किती पाणी घ्यावयाचे, हे आपण इतक्या काटेकोरपणे मोजतो. पण घेतलेल्या पाण्यातील फार मोठा हिस्सा आपण नदीला परत करीत असतो, आणि तो कोणत्या अवस्थेत परत करतो ह्याचा हिशेब कोणी मागत नाही. गावात नळाने आलेल्या दर दहा घागरींपैकी सुमारे आठ घागरी मोरीवाटे, गटारावाटे बाहेर पडतात, असे अभियंते धरून चालतात. वीस हजार वस्तीचे एखादे गाव घ्या. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळाले, तर त्या गावातून रोज साडेएकवीस लाख लिटरांहून अधिक सांडपाणी निघते. ते कोठे तरी जातेच. आजच्या भाषणात मला ह्या परत केलेल्या पाण्याचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे. विषय किळसवाणा आहे हे मला ठाऊक आहे. परंतु वर्गात शिकविताना माझा अनुभव असा, की मुलांना त्याची किळस वाटत नाही, ती मोठ्या माणसांनाच वाटते.

आपल्याकडे जुन्या घरांत ह्या पाण्याची सोय परड्यात होती. न्हाणीचे पाणी मोरीतून बाहेर पडले की ते अळवाच्या वाफ्यात जाई, तेथून केळीच्या बुंध्याशी, आणि उरलेच तर कर्दळीच्या ताटव्यात मुरे. भांडी राखेने घासली जात. आणि मुख्य म्हणजे पाणी फार थोडे असे, कारण ते विहिरीवरून कोणा तरी बाईच्या डोक्यावरून आलेले असे. ज्या पाण्याला मानेची किंमत द्यावी लागते, ते कोणी उधळीत नाही. अळवाच्या फदफद्याची चव आपण घेत होतो, पण त्या वाफ्यातील माती काय काम करीत होती, ह्याचा विचार कोणी केला नव्हता.

तथापि, जुने ते सारे सोने होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मोरीचे पाणी परड्यात जाई, परंतु मैल्याचे काय? खेड्यात लोक रानात जात. शहरात तो माणसे डोक्यावरून वाहून नेत. त्यापासून जे खत तयार होई त्याला आपल्या भाषेत नाव मोठे सुंदर आहे : सोनखत. पुण्याच्या आसपासचे उसाचे बागाईतदार ते पैसे मोजून घेत. शेताला सोने मिळे, नगरपालिकेला उत्पन्न मिळे. आणि ते वाहणाऱ्याला काय मिळे, हे सांगावयास नको. शिवाय पटकीची साथ आली म्हणजे अर्धी आळी ओस पडे ती ह्याच कारणाने, की विहीर आणि उकिरडा ह्यांत हात-दोन हातांचेच अंतर असे.

मग नळ आला. नळ ही मोठी उपकारक वस्तू आहे. पण नळाबरोबर गटाराचाही जन्म होतो हे आपण विसरलो. घागरीच्या जागी बादल्या आल्या, पाठोपाठ पाण्याने धुवावयाचे संडास आले, परड्यात खोल्या उठल्या, आणि अळवाचा वाफा गेला. उरलेले पाणी रस्त्याच्या कडेने उताराकडे वाहू लागले. उताराच्या शेवटी आपल्या देशात बहुधा नदीच असते.

हे सर्व जगात पहिल्याने भोगले ते लंडन शहराने. तेथे घरोघरी पाण्याचे संडास झाले आणि त्यांचे पाणी थेम्स नदीत जाऊ लागले. नदीचेच पाणी लोक पीत. १८५४ साली डॉ. जॉन स्नो ह्यांनी एका पंपाभोवतीच्या घरांतील मृत्यू मोजून पटकी पाण्यावाटे येते हे दाखविले. पण त्यांचे म्हणणे फार थोड्यांनी ऐकले. १८५८ च्या उन्हाळ्यात मात्र थेम्सला अशी दुर्गंधी सुटली, की नदीकाठच्या पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. दुर्गंधी राज्यकर्त्यांच्या नाकाशी पोहोचली म्हणजे कामे लवकर होतात, हा अनुभव तेव्हाचाही आहे! जोझेफ बॅझल्गेट ह्या अभियंत्याने प्रचंड भुयारी गटारे बांधली आणि सारे घाण पाणी शहराच्या खाली नेऊन सोडले. लंडनची पटकी गेली. बॅझल्गेटचे श्रेय मोठेच आहे. परंतु त्याने पाणी स्वच्छ केले नाही, फक्त हलविले. ३ सप्टेंबर १८७८ रोजी संध्याकाळी ‘प्रिन्सेस ॲलिस’ नावाची उतारूंनी भरलेली बोट त्या गटारांच्या मुखाजवळच दुसऱ्या जहाजावर आपटून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे दगावली, आणि ज्या पाण्यात ती पडली ते पाणी पाहून इंग्लंडला कळले, की शहराने नाकापासून दूर केलेली घाण नाहीशी झालेली नव्हती.

ह्याच सुमारास, म्हणजे १८७७ साली, फ्रान्समध्ये एक लहानसा प्रयोग झाला. मोठ्या गटारांपेक्षा मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. श्लोसिंग आणि म्युंझ ह्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी एक लांब नळी वाळूने भरली आणि तिच्यातून मैलापाणी सावकाश झिरपू दिले. कित्येक दिवस खालून जसेच्या तसे पाणी येत होते. सुमारे वीस दिवसांनंतर त्यातील अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट, म्हणजे झाडाला लागणारे खाद्य, येऊ लागले. वाळू तर तीच होती. मग वीस दिवस ती कशाची वाट पाहत होती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा काम बंद पडले. वाफ काढून घेऊन ताज्या मातीचे थोडेसे पाणी घातले, तेव्हा काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. क्लोरोफॉर्मने गुंगी येते ती सजीवाला. पाणी शुद्ध करणारे कोणी सजीव त्या वाळूत वस्ती करून होते! आपल्या अळवाच्या वाफ्याचे रहस्य हेच होय. माती गाळणीसारखी घाण अडवीत नाही. मातीतील जीवाणू ती खातात. त्यांना हवा, वेळ आणि जागा एवढेच लागते.

पुढील चाळीस वर्षांतील साऱ्या युक्त्या ह्या एका ज्ञानातून निघाल्या. फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थाने घरामागे बंद हौद बांधला होता, त्यात मैला आपोआप विरघळून जाई. १८८१-८२ च्या सुमारास त्याची माहिती जगापुढे मांडली ती आबे म्वान्यो ह्या कॅथलिक धर्मगुरूने, आपल्या विज्ञानविषयक नियतकालिकातून. (माझ्यासारख्या कॅथलिक शिक्षकाला हा तपशील सांगितल्यावाचून राहवत नाही, ह्याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी.) इंग्लंडात एक्सिटर येथे डोनाल्ड कॅमेरॉनने १८९५ च्या सुमारास त्या हौदास ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले, आणि आज आपल्या खेड्यापाड्यांतही ते नाव मराठीच झाले आहे. मुंबईत माटुंग्यास १८९० साली कुष्ठरोग्यांसाठी ॲकवर्थ आश्रय उभा राहिला होता. तेथे मुंबई नगरपालिकेचे जलनिःसारण अभियंता कार्कीट जेम्स ह्यांनी, १८९७ च्या सुमारास, असा हौद बांधून त्यातून सुटणारा वायू धरला. त्यावर दिवे लावले आणि पुढे इंजिनही चालविले. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले, त्यांच्या मैल्यापासून मुंबईत प्रकाश निघाला, ही हकीकत आमच्या पाठ्यपुस्तकांत मी कोठे पाहिलेली नाही.

आणि मग १९१४. मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट ह्या दोघांनी मैलापाणी बाटलीत भरून त्यात हवेचे बुडबुडे सोडले. उजेड लागू नये म्हणून बाटलीभोवती कागद गुंडाळला. पाणी पूर्ण शुद्ध होण्यास पहिल्या खेपेस जवळजवळ पाच आठवडे लागले. इतरांनी येथेच हात टेकले असते. बाटली धुऊन पुन्हा नवा प्रयोग मांडला असता. ह्या दोघांनी वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले आणि तळाचा गाळ तसाच ठेवून त्यावर नवे मैलापाणी घातले. पुन्हा तसेच, पुन्हा तसेच. दर खेपेस वेळ कमी होत गेला, आणि अखेर आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. आपल्या घरातील कोणाही गृहिणीला ह्यात नवल वाटणार नाही. कालच्या दह्यातील चमचाभर आजच्या दुधाला विरजण म्हणून लावले की झाले! तो गाळ म्हणजे विरजण होते. मोठ्या शहरांतील शुद्धीकरण केंद्रांपैकी पुष्कळ केंद्रे आजही ह्याच पद्धतीने चालतात.

ह्या दोघांना ही दिशा दाखविणारे त्यांचे सल्लागार डॉ. गिल्बर्ट फाउलर हे १९१६ साली आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. मैल्यातील नत्र हे शेताचे धन आहे, ते समुद्रात बुडवू नये, हे त्यांचे आवडते म्हणणे होते. त्याच बंगळुरात १९३९ साली डॉ. आचार्य ह्यांनी शहराचा केरकचरा आणि मैला खड्ड्यात थरांवर थर रचून निर्धोक खत करण्याची पद्धत बसविली. सोनखताला शास्त्राची जोड मिळाली ती अशी. नागपूरला १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली (१९७४ पासून तिला आपण ‘नीरी’ म्हणून ओळखतो). तेथे सोली आर्सीवाला आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आपल्या उन्हाच्या देशाला मानवणारी तळी अभ्यासिली. मीटर-दीड मीटर खोलीचे उथळ तळे. त्यात उन्हाने शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू देते, तो घेऊन जीवाणू मैला खातात, आणि जीवाणूंनी सोडलेले द्रव्य पुन्हा शेवाळ घेते. यंत्र नाही, वीज नाही. लहान गावासाठी ह्याहून साधे काय असणार?

परंतु तळ्याला जमीन लागते, आणि जमिनीपाशी सगळे अडते. बेळगावात शहराचे पाणी बळ्ळारी नाल्यातून शेतांमधून वाहत मार्कंडेय नदीस मिळते. त्याच्या शुद्धीकरणासाठी हलगा येथे जागा ठरविली, तेव्हा पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांना आडमुठे म्हणणे सोपे आहे. शहराची घाण आजवर त्यांच्याच शेतातून वाहिली, आणि ती स्वच्छ करण्यासाठी पुन्हा जमीन द्यावयाची तीही त्यांनीच, हा न्याय कोणता? ह्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्याच्या आराखड्यात सापडत नाही.

आणखी एक गोष्ट आराखड्यात सापडत नाही. ती म्हणजे माणूस. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी भंगीकाम आपणास करू द्यावे अशी मागणी केली. जातीने ब्राह्मण म्हणून तुरुंगाने ती नाकारली. त्यांनी अन्नसत्याग्रह केला, आणि येरवड्याहून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. पुढे कणकवलीस गोपुरी आश्रम काढून अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांसाठी आयुष्य वेचले. घाण माणसाच्या डोक्यावरून उतरली पाहिजे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला. सुरक्षेच्या साधनांवाचून गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणसास उतरविण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. तरी टाकीत गुदमरून माणूस मेल्याची बातमी आपण अधूनमधून वाचतो, आणि पान उलटतो.

आता लहान गावाने करावयाचे काय? सगळ्या गावाखाली भुयारी गटारे घालणे लहान नगरपालिकेच्या तिजोरीला झेपत नाही. तेथे घरोघरी सेप्टिक टँक असतात. टँक म्हणजे शुद्धीकरण पुरे झाले, असा आपला समज आहे. तो खोटा आहे. टाकीत गाळ साचतो. तो भरून वाहू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. मग टँकर येतो, गाळ उपसतो आणि रात्री कोठल्या तरी ओढ्यात रिकामा करतो. ह्यावर सातारा जिल्ह्यात वाई नगरपालिकेने जे केले ते मला अनुकरणीय वाटते. कृष्णेच्या घाटांचे हे गाव. तेथे २०१८ साली टाक्यांतील गाळासाठी वेगळे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टाक्या उपसण्याची पाळी लावण्यात आली. टाकी भरो वा न भरो, दर तीन वर्षांनी गाडी दारात यावयाची आणि गाळ केंद्रावर न्यावयाचा. घरमालकाने त्या वेळी वेगळे पैसे मोजावयाचे नाहीत, खर्च स्वच्छतेच्या करातून भागवावयाचा. केंद्रात गाळ वाळवून जाळतात आणि त्याची कोळशासारखी भुकटी होते. आपल्या राज्यात देवनहळ्ळीस २०१५ पासूनच असे केंद्र आहे. वाईची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. कारण यंत्र कोणालाही विकत आणता येते, पण न बिघडलेली टाकी उपसून घेण्यास घराघरांना तयार करणे हे खरे अवघड काम, आणि ते एका लहान गावाने अंगावर घेतले. अर्थात मोरीचे पाणी ह्यात येत नाही, ते गटारातून नदीकडे जातेच; तेथे परड्यालाच पुन्हा शरण जावे लागेल, किंवा गावाच्या शेवटी कर्दळीचे नाही तर बोरूचे ताटवे लावून त्यांतून ते पाणी जिरवावे लागेल.

इंग्लंडच्या राजकीय आयोगाने १९१२ साली एक नियम घालून दिला होता. शुद्ध केलेले सांडपाणी नदीत सोडावयाचे तर त्यातील घाणीने पाच दिवसांत लिटरमागे २० मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खाता कामा नये, आणि नदीत त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असले पाहिजे. हे शुद्ध केलेल्या पाण्याबद्दल! आपली मलप्रभा आषाढात आठशेपट पाणी देईल. पण चैत्र-वैशाखात तिच्या पात्रात खडक दिसू लागतात, तेव्हा हे गणित मांडून पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तिच्यात मलप्रभेचे नाव आहे. पट्टा सुरू होतो तो खानापूरपासून, म्हणजे उगमानंतर पहिले मोठे गाव लागते तेथूनच. पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात हे पाणी साठते आणि हुबळी-धारवाडचे लोक ते पितात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी मी वर्गात एक जुना प्रयोग करून पाहिला. बुचाच्या तीन सारख्या बाटल्या घेतल्या. पहिलीत मुलांनी हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी भरून आणलेले नदीचे पाणी. दुसरीत एका गावाच्या गटारातले. तिसरीत तेच गटारातले पाणी, पण डब्यात वाळू व परड्यातील माती भरून, तीन आठवडे त्यातून रोज थोडे थोडे झिरपवून मग घेतलेले. तिन्हींत मिथिलीन ब्लूचे सारखे थेंब टाकले आणि बुचे घट्ट बसवून बाटल्या कपाटात ठेवल्या. पाण्यातील प्राणवायू संपला की हा निळा रंग उडतो. गटाराच्या बाटलीचा रंग दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्यापूर्वीच गेला होता. नदीची बाटली आठवडा संपला तरी निळीच होती. तिसरीचा रंग चौथ्या दिवसापर्यंत टिकला, मग फिका होत गेला. एका मुलाने विचारले, डबा आणखी खोल असता तर? आम्ही आता दुप्पट उंचीचा डबा भरून ठेवला आहे, आणि ह्या खेपेस वर अळू लावले आहे.